तळ्यापलीकडची टोपली

माणूस सुधारू शकतो का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, जरूर सुधारू शकतो; फक्त कुठल्या दिशेने सुधारायचं ते त्याने आधी तपासून घ्यावं. मी घेतलं नव्हतं.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे आणि चष्म्याच्या काचा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. काचेचा अक्ष ठरलेल्या कोनापासून जरा जरी सरकलेला असला, तरी ती काच मी लाल चिठ्ठी लावून परत पाठवते. काचा घासणारे लोक माझ्या पाठीमागे मला ‘अंशबाई’ म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतंही. हे सगळं आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं ते निष्काळजीपणामुळे झालं असा कुणाचा गैरसमज नको. ते अतिशय काळजीपूर्वक झालं.

रविवारी सकाळी मी आणि माझी आत्या उद्यानात डिस्क गोल्फ खेळायला जातो. हा खेळ गोल्फसारखाच. पण चेंडूऐवजी बशीपेक्षा मोठी आणि ताटापेक्षा लहान अशी प्लॅस्टिकची तबकडी, आणि खड्ड्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. तबकडी साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली की झालं. कमीत कमी फेकींत सगळ्या टोपल्या उरकायच्या, एवढाच खेळ. आमच्या गटात तो जोड्यांनी खेळतात. एक फेक एकीची, पुढची दुसरीची. आत्या मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त झाली आहे. जवळून टोपलीत टाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण लांब फेकणं तिच्या खांद्याला झेपत नाही. म्हणून प्रत्येक टोपलीची पहिली, लांबची फेक माझी.

माझी लांबची फेक डावीकडे जाऊन पडते. इतर टोपल्यांना त्याने फारसं बिघडत नाही, फार तर आत्याला झुडपात शिरावं लागतं. पण शेवटची टोपली तळ्यापलीकडे आहे आणि तळं डाव्या हाताला पसरत गेलेलं आहे. माझी पाळी आली की बदकं आपण होऊन ती बाजू मोकळी करायला लागली होती.

आता आमच्या गटाचा एक नियम आहे. हंगामाच्या शेवटी जी जोडी सगळ्यांत खाली असेल, ती मोडायची आणि दोघांना नवे जोडीदार द्यायचे. नियम केला गटाच्या अध्यक्षांनी, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी. त्यांचा जोडीदार बदली होऊन दुसऱ्या गावी गेल्यापासून ते एकटेच खेळत होते आणि आत्याच्या नेमावर त्यांचा डोळा होता. आमची जोडी तळाला होती.

“ताई, तुमच्या हातात कला आहे. ती अशी पाण्यात चालली आहे,” ते माझ्यासमोरच म्हणाले.

“आणि माझं काय?” मी विचारलं.

“तुझ्यासाठी बघू काहीतरी,” असं ते ज्या आवाजात म्हणाले, त्याच आवाजात ते अक्कलदाढेबद्दल बोलत असणार.

डॉक्टर मनाने वाईट नाहीत. पण समोरचा फेकत असताना ते अखंड सल्ला देतात. आत्याचं म्हणणं असं, की तो माणूस आयुष्यभर लोकांची तोंडं उघडी ठेवून बोलत आलाय, त्याला उत्तराची सवयच नाही. “त्याच्याबरोबर खेळायचं झालं तर मी रविवारी घरी स्वेटर विणत बसेन,” ती म्हणाली. “आणि मला विणता येत नाही.”

मला आत्या सोडायची नव्हती. खेळ संपला की आम्ही दोघी बाकावर बसून थर्मासमधला चहा पितो. आमच्या घरात माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारी ती एकटीच आहे. तेव्हा मी ठरवलं, की आपली फेक सुधारायची, आणि तीही शास्त्रशुद्ध पद्धतीने.

शास्त्रशुद्ध पद्धतीला जागा लागते. उद्यानाच्या कोपऱ्यात जाळी लावून सराव करायची परवानगी मागायला मी उद्यान अधीक्षकांकडे गेले.

“टोपलीकडे फेकायला परवानगी आहे,” ते म्हणाले. “जाळीकडे फेकायला नाही.”

“पण जाळीत फेकली तर तबकडी कुठेच जाणार नाही, साहेब. उलट जास्त सुरक्षित.”

“तेच तर. कुठे जाणारच नसेल तर तो खेळ होत नाही. मग राहिली जाळी. म्हणजे बांधकाम. बांधकाम वरच्या मजल्यावर.”

वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि पेनाचं टोपण लावलं. “हे बघा, तबकडी झाडाला लागली तर उद्यान विभाग, दिव्याच्या खांबाला लागली तर विद्युत विभाग, माणसाला लागली तर आरोग्य विभाग. तुम्ही आधी नक्की करून या, कशाला मारणार आहात.”

“तेच तर नक्की होत नाहीये, साहेब. ते झालं असतं तर सराव कशाला लागला असता?”

त्यांना हे पटलं असावं, कारण त्यांनी मला पाणी विचारलं. परवानगी दिली नाही.

राहिली आमच्या इमारतीची गच्ची. सोसायटीचे सेक्रेटरी काका सावध माणूस. “गच्ची कपडे वाळत घालायला आहे,” ते म्हणाले. “तू चादर वाळत घाल. मग तिच्यावर काय आपटतं ते बघायला मी काही वर येत नाही.” मी आईची डबलबेडची चादर दोरीवर टांगली, मागे स्टुलावर फोन उभा करून चित्रीकरण सुरू केलं, आणि पहिली तबकडी फेकली. ती चादर सोडून दोरीच्या लोखंडी खांबावर आदळली आणि आल्या वाटेने परत येऊन फोनवर बसली. फोनचा मागचा कॅमेरा फुटला. माझ्या नेमाबद्दल लोक काहीही म्हणोत, ज्या वस्तूला लागू नये तिला माझी तबकडी हमखास लागते.

पुढचा कॅमेरा शाबूत होता. मी त्याच्यावर काम भागवायचं ठरवलं.

पद्धत अशी होती. रोज कामावरून आल्यावर चादरीवर फेकायचं, मग चित्रण थांबवत थांबवत तबकडी हातातून सुटण्याचा नेमका क्षण पकडायचा. तो इतका मोठा करायचा की पडद्यावर फक्त मनगट आणि तबकडी उरेल. मग पडद्याला कोनमापक लावायचा. त्यामागचं शास्त्र सोपं आहे: तबकडीची डावी कड खाली लोंबली तर ती डावीकडे वळते, उजवी लोंबली तर उजवीकडे. चित्रात माझी उजवी कड स्पष्टपणे खाली होती. मग ती डावीकडे का पडते, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. मला उत्तर पडलं: वारा.

शिवाय मी गुरूही शोधला. फोनवर तबकडी फेकायला शिकवणारे पुष्कळ लोक सापडतात. एक म्हणतो मनगट सैल ठेवा, दुसरा म्हणतो घट्ट ठेवा, तिसरा म्हणतो मनगट आहे हेच विसरा. मी त्या सगळ्यांची चित्रणं माझ्या चित्रणाशेजारी लावून बघितली आणि ज्याचा खांदा, कंबर आणि पाऊल हुबेहूब माझ्यासारखं पडत होतं, असा एकच माणूस निवडला. आमच्यात इतकं साम्य होतं की मला जरा गहिवरून आलं. फरक फक्त तबकडीच्या कडेचा. त्याची सपाट, माझी उजवीकडे लोंबलेली. मी उजवी कड उचलायला सुरुवात केली. रोज थोडी थोडी.

याच सुमारास टाकीचं प्रकरण झालं. गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला प्लंबर आला होता आणि तो चहा प्यायला खाली गेला तेव्हा टाकीचं झाकण उघडं होतं. एवढं मोठं आकाश, एवढी मोठी चादर, आणि तबकडी गेली कुठे तर टाकीत. मी वाकून बघितलं तर काळोख. प्लंबर आला, पाणी भरलं, झाकण लावून गेला. मी गप्प राहिले. तबकडी पाण्यात तरंगत राहील, कुणाला कळणारही नाही, असा माझा हिशेब होता. पण माझी तबकडी जड जातीची होती. ती बुडाली, आणि बुडून बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडावर जाऊन चपखल बसली. सकाळी अख्ख्या इमारतीच्या नळांना पाणी नाही. प्लंबरने आत उतरून ती काढली तेव्हा जिन्यात सगळे बादल्या घेऊन उभे होते. भडक नारिंगी तबकडी. हरवली तर मिळावी म्हणून या खेळात प्रत्येक तबकडीवर आपलं नाव आणि फोन नंबर लिहायची पद्धत आहे. मी तो ठळक, न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहिला होता.

सोसायटीची सभा बसली. मी शरमेने मान खाली घालून कोपऱ्यात उभी राहिले. सेक्रेटरी काकांनी तबकडी टेबलावर ठेवली आणि घसा साफ केला. “ही वस्तू पाण्यात कशी गेली, याचा खुलासा व्हावा.”

“डावीकडे गेली,” मी म्हणाले.

“म्हणजे तू खांदा लवकर उघडतेस,” दुसऱ्या मजल्यावरचा व्यायामशाळेतला शिक्षक ताबडतोब म्हणाला.

“खांद्याचा काही संबंध नाही,” गाडी शिकवणारे काका म्हणाले. “वळताना आधी मान, मग गाडी. ही मान मागे ठेवते.”

“पोळपाटावर लाटणं फिरवतो ना, तसं फिरवायचं,” तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या.

“अहो, पण पाण्याचं काय?” सेक्रेटरी काका म्हणाले, पण तोपर्यंत तबकडी टेबलावरून उचलली गेली होती. प्रत्येकाने ती हातात घेऊन आपापली पकड दाखवली. व्यायाम शिक्षकाने लाथ मारल्यासारखा पाय टाकून दाखवला. काकूंनी लाटून दाखवलं. शेवटी ठराव झाला तो असा, की टाकीच्या झाकणाला कुलूप लावावं आणि मुलीने कमरेतून फेकावं. सेक्रेटरी काकांनी दोन्ही वाक्यं इतिवृत्तात लिहिली.

एवढ्या लोकांचे आशीर्वाद घेऊन मी रविवारी मैदानात उतरले आणि आधीच्या रविवारपेक्षा जास्त डावीकडे फेकलं. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून जास्त. गंमत म्हणजे चित्रणात माझी प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती! कड सपाट होत जायला पाहिजे होती, ती काही होत नव्हती हे खरं. पण मी जितकी उचलत होते तितकी चित्रात ती खाली जात होती, आणि एवढी नियमित रेष मला कॉलेजातल्या प्रयोगातही कधी मिळाली नव्हती. मी आणखी जोराने उचलू लागले. सिद्धांत बरोबर होता. वास्तवच कुठेतरी चुकत होतं.

शेवटचा सामना जवळ आला तेव्हा डॉक्टर आत्याला म्हणाले, “पुढच्या हंगामासाठी मी आपल्या दोघांच्या टोप्या मागवू का?”

“तुमच्या डोक्याचं माप द्या त्यांना,” आत्या म्हणाली. “माझं राहू दे.”

त्या आठवड्यातली एक संध्याकाळ. मी जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून गुरूचं आणि माझं चित्रण शेजारी शेजारी लावलं होतं. बाबा भाजीची पिशवी ठेवायला आले आणि माझ्या खांद्यावरून बघत उभे राहिले. बाबांना या खेळातलं काही कळत नाही. म्हणूनच ते रोज काहीतरी सांगायचे. मी कान बंद करून बसले.

“हा तुझा मास्तर डावखुरा आहे ना?” ते म्हणाले.

“हो. मग?”

“काही नाही. आणि तू?”

“बाबा, मी उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते. इतकी वर्षं तुम्ही कुणाला वाढवलंत?”

“मला माहीत आहे गं. या व्हिडिओतल्या मुलीला माहीत नाही.”

मी चित्र लहान केलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच मी मनगट सोडून बाकीची मुलगी बघितली. ती डाव्या हाताने फेकत होती. तिच्या शर्टाच्या पाठीवरची प्रयोगशाळेची अक्षरं उलटी होती. माझ्या फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखं चित्र साठवतो, हे मला त्या क्षणी कळलं. माझी डावी कड लोंबत होती. चित्रात ती उजवी दिसत होती. आणि मी उजवी कड उचलून उचलून डावीला आणखी खाली ढकलत होते. माझ्यात आणि गुरूत एवढं साम्य का होतं तेही कळलं. आम्ही दोघं आरशाच्या दोन बाजूंना उभे होतो.

आणि मी काचांचे अक्ष तपासते. लोक माझ्या भरवशावर जिने उतरतात.

बाबांनी परिस्थिती ओळखून भाजी निवडायला घेतली. मी आत्याला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. “डॉक्टरांना हो म्हण,” मी म्हणाले. “मी चूक नुसती केली नाही, तिची जोपासना केली.”

नेहमीप्रमाणे तिने मला वाक्य पूर्ण करू दिलं. मग म्हणाली, “हे बघ, माझ्या शाळेत मुलं काही न करता नापास व्हायची. एवढी मेहनत करून नापास होणारं मी पहिल्यांदाच बघतेय. म्हणजे मेहनत कामाची आहे. फक्त उलटी कर.”

“आता? रविवारी सामना आहे!”

“मग रविवारपर्यंत कर. नाहीतर माझे आणि त्या स्वेटरचे हाल होतील.”

मी उलटी केली. डावी कड उचलायची. हाताला उलटंच वळण लागलं होतं. मी सांगायचे एक आणि तो करायचा दुसरंच. काम करताना, जिना चढताना, दात घासताना मी मनातल्या मनात डावी कड उचलत होते. प्रयोगशाळेत एक काच मी दोनदा फिरवून तपासली, तेव्हा शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, “अंशबाई, तब्येत बरी आहे ना?” गच्चीवर मात्र आता तबकडी चादरीच्या मध्यावर लागत होती. आई आई असल्यामुळेच चादरीच्या मध्याच्या दशेबद्दल काही बोलली नाही.

रविवारी आम्ही बऱ्या खेळलो. काही फेकी जुन्या वळणाने गेल्या, काही नव्या, आणि जिथे मी चुकले तिथून आत्याने सावरून घेतलं. शेवटच्या टोपलीशी आलो तेव्हा हिशेब अगदी सरळ होता. आमच्या वर होते बेकरीवाले दोघे भाऊ, आणि त्यांचा खेळ संपला होता. तळ्यापलीकडची टोपली आम्ही दोन फेकींत उरकली तर ते तळाला, नाहीतर आम्ही. दोन फेकी म्हणजे माझी एक, आत्याची एक. पाण्यात पडायला जागाच नव्हती. तशी जागा खूप होती, पण तुम्हाला कळतंय मी काय म्हणते ते.

सगळे येऊन उभे राहिले. “कमरेतून, अगं, कमरेतून!” डॉक्टर म्हणाले. “आणि श्वास सोड. नाही, थांब, आधी घे.”

मी डावी कड उचलली. पाऊल टाकलं, कंबर फिरली, मागून खांदा आला, मनगट आलं आणि तबकडी सुटली. मी कान देऊन थांबले. दर रविवारी ऐकू येणारा तो डुबुक आवाज आता येईल, मग येईल, अशी वाट बघत राहिले. तो आला नाही. आला तो डॉक्टरांचा आवाज: “अरेच्चा!”

बघते तर तबकडी तळ्याच्या पार पलीकडे. टोपलीही मागे टाकून ती गुलाबाच्या वाफ्यात जाऊन पडली होती. माझी फेक जास्त लांब जाईल ही शक्यता मी कुठल्याही गणितात धरलेली नव्हती.

आत्या तळ्याला वळसा घालून काट्यांत शिरली. टोपली तिच्या नेहमीच्या अंतरापेक्षा लांब होती, आणि टोपलीच्या पलीकडे उतार, आणि उताराच्या तळाशी पाणी. ती पँटचा पाय काट्यातून सोडवून उभी राहिली, हात पुढे केला, आणि डॉक्टरांनी तोंड उघडलं.

“डॉक्टर,” तिने मान न वळवता सांगितलं, “तोंड उघडं राहू दे. आवाज नको.”

ज्या आवाजात ती वर्ग गप्प करत असेल तो मी पहिल्यांदाच ऐकला. डॉक्टर खरोखरच तसेच उभे राहिले. तबकडी संथपणे निघाली आणि साखळ्या खणखणल्या.

बेकरीवाले भाऊ तळाला गेले. मला वाईट वाटलं, पण ते दोघे एकमेकांकडे बघून इतके हसत सुटले की डॉक्टरही गोंधळले. “घरी हाच, भट्टीवर हाच, आणि रविवारीही हाच,” थोरला म्हणाला. “सुटलो!” धाकट्याच्या वाट्याला डॉक्टर आले. थोरल्याने एकट्याने खेळायचं मान्य केलं, जरा जास्तच चटकन.

बाकावर बसल्यावर आत्याने मला चहा ओतून दिला आणि म्हणाली, “एक विचारू? तू फेकताना डोळे का मिटतेस?”

“मी? मी कुठे डोळे मिटते?”

“तबकडी हातातून सुटायच्या आधी मिटतेस आणि ती पडल्याचा आवाज आला की उघडतेस. आज तर आवाजच येईना, मला वाटलं आता तशीच राहतेस की काय.”

माझा कॅमेरा कायम माझ्या पाठीमागे होता. “कधीपासून?” मी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?”

“सगळेच काही ना काही सांगत होते गं,” ती म्हणाली. “म्हटलं, आपण तरी थांबावं.”

नव्या हंगामाच्या पहिल्या रविवारी मी तळ्याकाठी उभी राहिले आणि डोळे सताड उघडे ठेवून फेकली. डोळे उघडे ठेवायच्या नादात कड विसरले. तबकडी पाण्यावरून वर चढली, उन्हात एकदा चमकली, हवेत जराशी थांबली, मग डावीकडे कलत कलत बदकांच्या मधोमध उतरली. डुबुक.

“गेली,” आत्या म्हणाली.

“हो,” मी म्हणाले. “पण काय सुंदर उडते गं ती!”